करुणा म्हणजे शेजारी बसणे
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे ‘करुणा’. आता आम्ही काही विद्वान माणूस नाही. नववीनंतर शाळा सुटली आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, याच विहाराच्या वाचनालयात. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनांवर ग्रंथांच्या आधारे बोलणारी थोर माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही असे ठरवले की ग्रंथातली करुणा त्यांनी सांगावी, आम्ही डोळ्यांनी पाहिलेली सांगावी. आणि ती सांगायची तर एकाच माणसाबद्दल बोलावे लागेल. मागच्या पावसाळ्यात आपल्यातून गेलेले आपले समुपदेशक सर.

त्यांचे नाव आम्ही घेणार नाही. तुम्हा सर्वांना ते ठाऊकच आहे. पण “माझ्या नावाची पाटी लावू नका, स्मरणिकेत नाव छापू नका, ज्या खोलीत लोक आपली दुःखं सांगतात त्या खोलीला कुणाचं नाव नको,” असे त्यांनी सांगून ठेवले होते. तो शब्द पाळू.

सर म्युनिसिपालिटीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. नोकरीत असतानाच त्यांनी समुपदेशनाचे शिक्षण घेतले आणि सुट्टीच्या दिवशी एका व्यसनमुक्ती केंद्रात विनामोबदला काम केले. निवृत्त झाल्यावर २००९ सालापासून दर रविवारी वंदना झाली की ते विहाराच्या मागच्या खोलीत बसायचे. अकरा ते दोन. नंतर नंतर चार वाजले तरी उठत नसत. समुपदेशक हा शब्द आपल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडात काही बसला नाही. त्या म्हणायच्या, “समजूतवाले सर.” त्यावर सर हसून म्हणत, “मावशी, मी समजूत घालत नाही, मला समजून घ्यायचं असतं.” आणि मुले काय म्हणायची? मुले म्हणायची, “बाहुल्यावाले सर!”

कारण सरांचा दुसरा नाद तुम्हाला माहीत आहे. बोटाएवढ्या मातीच्या आणि प्लास्टरच्या पुतळ्या रंगवायच्या. दिवाळीच्या सुमारास मुंबईत किल्ल्यावर ठेवायला मावळे विकायला येतात. सर धारावीच्या कुंभारवाड्यातून तसले न रंगवलेले कच्चे मावळे घेऊन यायचे. पॉलिश पेपरने घासायचे. हातातली तलवार कापून तिथे एम-सीलचा गोळा लावून कुणाच्या हातात पुस्तक द्यायचे, कुणाच्या हातात लोटा, कुणाच्या खांद्यावर घोंगडी. मग पुतळी मेणाने एका बॉबिनवर चिकटवायची, म्हणजे रंगवताना बोट लागून रंग पुसत नाही. ही बॉबिने आम्हीच त्यांना आणून दिलेली, बंद गिरणीच्या भंगारातली. आधी अस्तराचा हात, मग घड्यांमध्ये गडद रंग, वर फिका रंग, तोही पातळ करून दोन-तीन हात. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचे. डोळे सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, भिंगाखाली धरून. श्रीलंकेतसुद्धा बुद्धमूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी रंगवतात आणि त्याचा वेगळा विधी असतो, हे आम्हाला त्यांनीच सांगितले.

बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, यात करुणा कुठे आली? तीच सांगतो. पण त्याआधी आपल्या वस्तीबद्दल दोन शब्द बोलावे लागतील.

आपल्या बापजाद्यांचे आयुष्य चाळीतल्या खोलीत गेले. बीडीडी चाळीची खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्यात आठ-आठ, दहा-दहा माणसे. बाहेर व्हरांडा, तिथे शेजारी. अशा घरात माणसाने रडायचे कुठे? नवरा-बायकोने भांडण मिटवायचे कुठे? मुलीने आईला मनातले सांगायचे कुठे? आता त्या चाळींच्या जागी टॉवर होत आहेत, स्वतंत्र खोल्या मिळत आहेत, आनंदाची गोष्ट आहे. पण मनातले बाहेर न काढण्याची पिढ्यांची सवय घर बदलल्याने जात नाही.

त्यात गिरण्यांचे मरण. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. आमचे वडील त्या संपात होते. घरातली भांडी विकली गेली ती आम्ही पाहिली. पुढे आम्ही ज्या गिरणीत लागलो तिची चाती २०२० सालच्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा फिरली नाहीत. या चाळीस वर्षांत किती मोर्चे झाले, किती निवेदने दिली, घरांच्या सोडतीत नाव लागेल म्हणून किती जण वाट पाहत म्हातारे झाले, याचा हिशेब कुणीतरी ठेवलेला असेल. पण किती माणसे दारूने आतून पोखरली, किती बाया मुक्याने झिजल्या, याचा हिशेब कुठे आहे? आपण जयंतीला छाती फुगवून घोषणा देतो, द्यायलाच पाहिजेत. पण तोच माणूस रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेला असतो, त्याला विचारणारे कोण?

सर विचारत होते. आणि विचारण्याची त्यांची रीत वेगळी होती.

आपल्या माणसाला समोर खुर्चीवर बसवून “बोला, काय त्रास आहे?” म्हटले की तो म्हणतो, “कुठं काय? सगळं ठीक आहे.” सरांना हे अनुभवाने कळले होते. म्हणून ते समोर बसतच नसत. टेबलाच्या एकाच बाजूला दोन स्टुले. आलेल्या माणसाच्या हातात बॉबिनवरची पुतळी द्यायची, एक ब्रश द्यायचा आणि म्हणायचे, “काका, जरा याच्या धोतराला पांढरा हात मारता का? माझे डोळे आता साथ देत नाहीत.” दोघांच्या नजरा पुतळीवर. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. रंग वाळेपर्यंत थांबावेच लागते, म्हणजे घाई नाही. दहा मिनिटे जातात, वीस जातात, आणि मग माणूस पुतळीकडे बघतच बोलायला लागतो. हात गुंतले की जीभ सुटते. आमच्या रिंग खात्यातही हाच अनुभव. जॉबरपुढे उभा केला की कामगार मुका, आणि शेजारच्या साथीदाराबरोबर चात्यांवर काम करताना सगळे पोटातले ओठावर.

दुसरी गोष्ट इतिहासाची. सरांनी विहारासाठी तीन देखावे तयार केले. पहिला भीमा कोरेगावचा. १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथल्या विजयस्तंभाला दिलेली भेट आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. त्या स्तंभावर बावीस महार वीरांची नावे कोरलेली आहेत, शेवटी ‘नाक’ लावलेली. सरांनी बावीस पुतळ्या केल्या. कुणीतरी म्हणाले, “सर, एकच चेहरा बावीसदा काढा, लवकर होईल.” सर म्हणाले, “दगडावर बावीस असा आकडा कोरला असता तर एकच चेहरा काढला असता. तिथं नावं कोरलीत.” त्या बावीस चेहऱ्यांना त्यांना जवळजवळ एक वर्ष लागले. एक म्हातारा, एक मिसरूड फुटलेला, एकाच्या कपाळावर वण, एक घाबरलेला. हो, घाबरलेलासुद्धा! त्यावर वाद झाला. शूर वीर घाबरलेला कसा? सर म्हणाले, घाबरूनही उभा राहिला म्हणून तर शूर.

दुसरा देखावा महाडचा. २० मार्च १९२७, चवदार तळे. बाबासाहेब ओंजळीने पाणी घेत आहेत आणि मागे माणसांची रांग. नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव आधीच केलेला होता, तरी तिथे पाणी प्यायला माणसाला जीव मुठीत धरून जावे लागले. पाणी पिऊन परतलेल्यांवर मंडपात हल्ला झाला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. हे सगळे आपण भाषणात सांगतो. पण सरांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारले की तुमची आजी लुगडे कसे नेसायची? गुडघ्याच्या वर की खाली? हातात काय असायचे? कारण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मनुस्मृतीचे दहन झाले त्या परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी महाडमध्ये स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले आणि नेसण्याची जुनी रीत व अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने सोडायला सांगितले. म्हणून सरांनी स्त्रियांच्या पुतळ्या दोन फळ्यांवर केल्या. एका फळीवर त्या भाषणाआधीच्या, दुसरीवर नंतरच्या. हे विचारता विचारता आमच्या चाळीतल्या एका आजींनी, ज्या कधी कुणाशी दोन वाक्ये बोलत नसत, त्यांनी आपल्या आजीबद्दल, मग आईबद्दल आणि शेवटी स्वतःच्या गेलेल्या लेकीबद्दल सांगितले. लेक जाऊन तीस वर्षे झाली होती. घरात तिचे नाव कुणी काढत नव्हते.

तिसरा देखावा गिरणीचा. तो आमच्या जिव्हाळ्याचा. त्यात सरांनी रिंग खाते दाखवले, वाइंडिंगमधल्या बाया दाखवल्या आणि साचे खात्याचे दार दाखवले, दाराबाहेर आपला एक माणूस उभा. मुलांनी विचारले, हा बाहेर का? मग आम्ही सांगितले की धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो विटाळतो म्हणून जास्त पगाराच्या साचे खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. त्या दाराबाहेरच्या माणसाचा चेहरा कसा असावा, यावर आम्ही आणि सर तीन रविवार बोलत होतो. राग दाखवायचा की लाज? सर म्हणाले, “तुमचे आजोबा कसे होते?” आम्ही म्हणालो, आजोबा कधी रागावलेले दिसले नाहीत, नुसते गप्प असायचे. सरांनी गप्प चेहरा काढला. आज तो बघितला की आम्हाला आजोबा दिसतात.

आता यावर टीकाही झाली, ती लपवायचे कारण नाही. काही कार्यकर्ते म्हणाले, समाजाचे प्रश्न आरक्षणाचे, जमिनीचे, घराचे, नोकरीचे. हे बाहुल्या रंगवणे आणि रडगाणी ऐकणे म्हणजे चळवळ नव्हे. काही म्हणाले, समुपदेशन हे वेड्यांसाठी असते, विहारात वेड्यांचा दवाखाना कशाला? आमचे म्हणणे असे की घराचा लढा लढायचाच, त्यात आम्ही मागे नाही. पण लढणारा माणूसच आतून मोडला तर मोर्चात चालणार कोण? आणि चित्रांचे म्हणाल, तर बाबासाहेबांनी उतारवयात, डोक्यावर एवढा भार असताना, व्हायोलिन हाती घेतले आणि कुंचलाही धरला. त्यांनी काढलेले उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र आपल्याला ठाऊक आहे. उघड्या डोळ्यांचा बुद्ध जगाचे दुःख बघतो आहे. दुःख बघायचे नसेल तर डोळे उघडे कशाला?

एक उदाहरण सांगतो. ज्यांचे आहे त्यांची परवानगी घेऊन सांगतो, ते आज या सभेतच बसले आहेत. आमचेच एक साथीदार. गिरणी थांबल्यानंतर सहा-सात महिन्यांत त्यांचे बोलणे बंद झाले. जेवण तुटले. दाढी वाढली. घरचे म्हणत, आळस आलाय. कुणी म्हणे, बाहेरचे काही आहे, उतारा करा. वहिनींनी ते ऐकले नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई ती, त्यांनी नवऱ्याला हाताला धरून सरांकडे आणले. दोन रविवार त्यांनी नुसते गिरणीच्या देखाव्यातल्या माणसांच्या भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू रंगवले. तिसऱ्या रविवारी सरांनी सरळ विचारले, “भाऊ, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” ते म्हणाले, “रोज.”

त्यावर सर दचकले नाहीत, उपदेश केला नाही, बायकामुलांची शपथ घातली नाही. “किती दिवसांपासून?” एवढेच विचारले आणि ऐकत राहिले. त्या दिवशी त्यांना एकटे सोडायचे नाही असे वहिनींना सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः त्यांच्याबरोबर पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या रांगेत उभे राहिले. केसपेपर काढण्यापासून औषधे घेईपर्यंत. पुढे कितीतरी महिने प्रत्येक तारखेला कुणी ना कुणी बरोबर जात होते, त्या पाळ्या सरांनीच लावून दिल्या होत्या. ते आज नातवंडांना शाळेत सोडतात.

सरांनी आम्हाला शिकवले की असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट ज्याच्या डोक्यात आहे त्याला मोकळे व्हायला वाट मिळते. आणि त्यात पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही आणि उपचार द्यायची जबाबदारी सरकारची, असे ठरवले. जुन्या दंडविधानातले आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम ३०९ सुद्धा १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेले नाही. रात्री-अपरात्री कुणीच जवळ नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे, २०२२ साली सुरू झालेला, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येते. हा आकडा आज प्रत्येकाने घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

सगळेच वाचले असे मात्र आम्ही सांगणार नाही. सर देव नव्हते, आणि आपण देव मानतही नाही. आपल्या वस्तीतला एक तरुण पोरगा, ढोलकी काय सुंदर वाजवायचा, दारूने गेला. तीनदा सोडली, तीनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा धरली तेव्हा विहाराच्या बैठकीत सूचना आली की पाचवे शील मोडणाऱ्याला कार्यक्रमात घेऊ नये. त्या बैठकीत सर बोलले. ते म्हणाले, आपण दर वंदनेला पंचशील पुन्हा का घेतो? एकदा घेतले की संपले, असे असते तर एकदाच घेतले असते. माणूस घसरतो हे धरूनच ते पुन्हा घ्यायचे असते. ज्याने तीनदा सोडली त्याला चौथ्यांदा सोडायला जागा विहारात नाही तर कुठे? सूचना बारगळली. पोरगा मात्र वाचला नाही, त्याचे यकृत आधीच गेलेले होते. त्याच्या आईच्या घरी सर पुढे वर्षभर दर बुधवारी जात होते. काही बोलायचे नाहीत. ती माउली डाळ-तांदूळ निवडत असायची, सर शेजारी बसून खडे काढायचे.

दारूबद्दल त्यांनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली होती, ती भगिनींनी लक्षात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका. हात थरथरतात, दोन-तीन दिवसांत फीट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. शपथ आणि गंडे-दोरे यांनी सुटत नाही. औषध, समुपदेशन आणि घरच्यांची साथ, तिन्ही लागतात.

आता धम्मात याला आधार आहे का, असे कुणी विचारील. आहे. किसा गोतमीचे मूल मेले तेव्हा ती वेडीपिशी होऊन औषध मागत फिरत होती. लोक तिला हसले. भगवंतांनी तिला अनित्यतेचे प्रवचन ऐकवले नाही. ज्या घरात कुणी मेलेले नाही त्या घरातून मोहऱ्या आण म्हणाले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक घरात तिला आपल्यासारखेच कुणी भेटले. सर म्हणायचे, बुद्धाने तिला रडू नकोस असे कुठे म्हटलेय बघा. त्यांनी तिला माणसांत पाठवले. आणि विनयपिटकात कथा आहे, एक आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी विचारत नव्हते. भगवंतांनी आणि आनंदांनी स्वतः पाणी आणून त्याला धुतले, उचलून पलंगावर ठेवले. आधी हाताने काम केले, मग भिक्खूसंघाला बोलावून जाब विचारला.

सर दरवर्षी मुलांना कान्हेरीला न्यायचे. तिथे नव्वद क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराचे शिल्प आहे, दोन्ही बाजूंना संकटात सापडलेल्या माणसांची छोटी छोटी दृश्ये कोरलेली आहेत. सर मुलांना म्हणायचे, त्या कारागिराने सगळ्या दुःखी माणसांचा एकच ढीग केला नाही बघा. प्रत्येकाचे संकट वेगळे, म्हणून प्रत्येकाला वेगळा चौकोन दिला. आम्हाला वाटते, सरांच्या सगळ्या कामाची फोड त्यात आली. समाज, समाज असे आपण म्हणतो तेव्हा गर्दी दिसते. सरांना त्या गर्दीत एक एक चेहरा दिसत होता, आणि तो नीट बघायला त्यांच्याकडे वेळ होता.

सर गेल्यापासून मागच्या खोलीला कुलूप आहे. आत सतरंज्या, स्पीकर आणि जयंतीचे सामान ठेवले जाते. पुतळ्या खोक्यात आहेत. कार्यकारिणीपुढे काचेचे कपाट करून त्या सभागृहात मांडण्याचा प्रस्ताव आहे. प्रस्ताव प्रेमापोटी आहे, त्याचा आम्ही आदर करतो. पण आमचे नम्र म्हणणे वेगळे आहे. तीन देखावे जरूर मांडावेत, मुलांनी ते बघावेत. पण राहिलेल्या चाळीसेक कच्च्या पुतळ्या, ब्रश, बॉबिने आणि ती दोन स्टुले कपाटात जाऊ नयेत. ती टेबलावर राहावीत.

म्हणून या सभेपुढे आम्ही तीन गोष्टी मांडतो. एक, मागची खोली येत्या रविवारपासून पुन्हा उघडावी, सामानाची सोय जिन्याखाली करावी. दोन, आपल्या वस्तीतल्या ज्या दोन मुली समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकल्या आहेत त्यांना विनंती करावी, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च वर्गणीतून द्यावा. फुकटात कामाची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये, सरांना पेन्शन होती, त्यांना नाही. तीन, आम्ही म्हातारे होत चाललेले कामगार आणि महिला मंडळाच्या भगिनी, आपल्यापैकी दोघांनी दर रविवारी त्या स्टुलांवर बसावे. आम्ही समुपदेशक नाही, सल्ला द्यायचा नाही. शेजारी बसायचे, ऐकायचे, ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, आणि गरज असेल तर हाताला धरून दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे. एवढे तर कुणालाही जमेल. पहिल्या रविवारसाठी आम्ही आमचे नाव सचिवांकडे दिले आहे. दुसरे नाव अजून आलेले नाही. सभा संपल्यावर वही दाराशी ठेवलेली असेल.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला जो धम्म दिला, तो माणसाने माणसाशी कसे वागावे हे सांगणारा धम्म आहे. त्याची परीक्षा सभागृहातल्या भाषणात होत नाही, मागच्या खोलीत होते. वहीवर नाव घालायला विसरू नका, आणि आज रात्री घरी गेल्यावर आपल्याच घरात जो सगळ्यात गप्प आहे त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. कामाचे निमित्त काढा, लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला, पण बसा.